‘घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे’



मागच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपल्या धर्मग्रामातल्या एका तरुणाने आम्हा दोघा नवरा-बायकोला गाठले. त्याच्या घरी सात महिन्यांचे बाळ आहे. बायको पुढच्या महिन्यात परत नोकरीवर रुजू होणार आहे. आणि त्याने गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ शर्यतीत नाव घालायचे ठरवले आहे. “अंकल, तुम्ही पण केलं होतं ना ट्रेनिंग? आज्जींचं आजारपण, चर्चचं काम, सगळं सांभाळून? आंटी, कसं जमवलं सांगा की.”

आम्ही एकमेकांकडे बघितले. खरे उत्तर दोन शब्दांचे होते : जमले नव्हते. पण आवारात, चहाचे कप हातात घेऊन, चार माणसांत ते सांगता येईना. “लिहून कळवतो,” म्हणालो. हे ते उत्तर. त्याच्यासाठी तर आहेच, पण आपल्या धर्मग्रामात आता पहाटे पळणारी, सायकल मारणारी मंडळी वाढली आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यामागे घरात उठून गॅस पेटवणाऱ्यांसाठीही आहे.

आधी ज्यांना या शर्यतीची माहिती नाही त्यांना सांगतो. ७०.३ हा आकडा मैलांचा, म्हणजे साधारण ११३ किलोमीटर. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग २१.१ किलोमीटर धावायचे, सगळे एकाच दिवशी, न थांबता. गोव्यात ही पहिल्यांदा २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पणजीजवळ मिरामारला झाली. बेळगाव-कोल्हापूरकडच्या लोकांना गोवा म्हणजे घाट उतरला की आलेच, त्यामुळे आपल्याकडे तिचे आकर्षण मोठे. नोकरी करणारा माणूस तिची तयारी करायला बसला, की आठवड्याला आठ ते बारा तास, चार-पाच महिने, असा हिशेब असतो. पूर्ण मॅरेथॉनचेही तसेच. सोळा ते वीस आठवड्यांचे वेळापत्रक आणि त्यात दर आठवड्याला एक लांब पल्ला, जो वाढत वाढत तीस किलोमीटरच्या आसपास जातो.

हा लांब पल्ला बहुतेकांचा रविवारी पहाटे पडतो, आणि आमची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमच्यापैकी जो धावतो त्याने सहा वर्षांपूर्वी सुरुवात केली ती डॉक्टरांनी रक्तातली साखर सीमेवर आहे म्हणून सांगितल्यावर. उद्यमबागेत शिफ्टची नोकरी, संध्याकाळी मित्रांबरोबर बसणे, वाढलेले पोट. कॅम्पातल्या झाडांच्या रस्त्यांवर आधी चालणे, मग पळणे सुरू झाले. साखर खाली आली. बसणे बंद झाले. मुलगा सायकल घेऊन बरोबर येऊ लागला. ती दोन वर्षे आमच्या घरातली चांगली वर्षे होती, आणि त्याबद्दल आम्ही आजही देवाचे आभार मानतो. धावणे वाईट असे म्हणायला हा लेख नाही. ज्या घरात बाप संध्याकाळी गुत्त्याऐवजी मैदानावर जातो, त्या घराला ते विचारा.

मग दहा किलोमीटरची शर्यत झाली, मग एकवीसची. मग सायकलवाल्यांचा ग्रुप मिळाला, आणि एके दिवशी फोनवरून गोव्याच्या शर्यतीची फी भरून झाली. फी भरल्यावर घरात सांगितले गेले. इथे जरा थांबा. आधी सांगितले आणि मग भरली असे झाले नाही. भरली आणि मग सांगितले असे झाले. आमच्यातली जी धावत नाही ती म्हणाली, “बरं. करा.” त्या ‘बरं’चा अर्थ आम्ही दोघांनी दोन वेगळे घेतले.

तेव्हा आज्जी, म्हणजे धावणाऱ्याची आई, पक्षाघाताने दोन वर्षे अंथरुणाला होती. उजवी बाजू लुळी. सकाळी तिला उठवून कमोडच्या खुर्चीवर बसवायचे, धुवायचे, कपडे बदलायचे, परत झोपवायचे. हे दोन माणसांचे काम. एकाने खांद्याखाली धरायचे, दुसऱ्याने कमरेला. आठवड्याच्या दिवशी आम्ही दोघे मिळून करायचो. रविवारी सायकल पहाटे पाचला निघायची, म्हणून रविवारी ते काम ती आणि आमचा तेरा वर्षांचा मुलगा करायचे. ‘एकच दिवस तर आहे,’ असे ठरले होते. कोणी ठरवले होते हे आता दोघांनाही आठवत नाही, आणि यातच सगळे आले.

ऑगस्टमधला एक रविवार. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मुलाला रात्रीपासून ताप होता. तिने त्याला उठवले नाही आणि आज्जीला एकटीने उचलायला गेली. आज्जीचा पाय घसरला. ती पडू नये म्हणून हिने सगळा भार स्वतःवर घेतला, कमरेत कळ आली आणि दोघी जमिनीवर बसल्या. हाडबीड मोडले नाही, देवाची कृपा. पण उठता येईना. मुलाने फोन लावला. चोर्ल्याच्या रस्त्याला जांबोटीच्या पुढे रेंज कुठे असते, कुठे नसते. शेवटी शेजारच्यांनी येऊन दोघींना उचलले. कणकुंबीला चहाच्या टपरीवर थांबल्यावर धावणाऱ्याने फोन बघितला, तर सात मिस्ड कॉल. सायकल एका टेम्पोत टाकून तो घरी पोचला तेव्हा साडेनऊ वाजले होते. डॉक्टर म्हणाले, मणक्याची गादी सरकली आहे. तीन आठवडे वाकायचे नाही, उचलायचे नाही.

त्या तीन आठवड्यांत घर कोण कसे चालवत होते ते कळले. रविवारच्या सायकलचे घड्याळात साडेतीन तास दिसायचे. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी लवकर झोपायचे, म्हणून जेवण सातला व्हायला हवे. शनिवार संध्याकाळचा मिस्सा तो करून यायचा, कारण रविवारी वेळ नाही. परत आल्यावर दोन तास झोप. चिखलाने भरलेले कपडे, बाटल्या, सायकल. पोहण्याच्या तलावाला जायला-यायला आणखी वेळ. आम्ही वहीत मांडून बघितले, तेव्हा घड्याळावरचे दहा तास घराच्या हिशेबात सोळा निघाले. ते सोळा तास कोणीतरी देत होते. त्या व्यक्तीच्या मनगटावर घड्याळ नव्हते, एवढेच.

पण खरा धक्का याहून लहान गोष्टीचा होता. तीन आठवड्यांतल्या एका शनिवारी आपल्या कॉयरच्या बाई तिला बघायला आल्या आणि सहज म्हणाल्या, “बरी झालीस की ये परत सरावाला. आल्टोला माणूस नाही.” त्या गेल्यावर धावणाऱ्याने विचारले, “तू कॉयर सोडलंस ते आवड गेली म्हणून ना?” ती म्हणाली, “सराव शनिवारी साडेसातला असतो. तुम्ही तेव्हा झोपलेले असता. आज्जीजवळ कोण बसणार?”

दीड वर्ष ती कॉयरमध्ये नव्हती. लग्नाआधीपासून गात होती. त्याने विचारले नव्हते, तिने सांगितले नव्हते. दोघेही आपापल्या परीने चुकलो असे आम्ही आज एकत्र बसून लिहितो आहोत. पण त्याच दीड वर्षात त्याने भेटेल त्याला, ग्रुपवर, ऑफिसात, चर्चच्या आवारातही, एक वाक्य सांगितले होते : “घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे.”

या वाक्याविषयीच आम्हाला बोलायचे आहे.

आमचे मत असे झाले आहे की, विचारल्यावर जो मिळतो तो पाठिंबा. न विचारता जे घेतले जाते त्याला पाठिंबा म्हणू नये. आणि विचारणे म्हणजे ‘मी करू का?’ एवढेच नव्हे. ‘मी हे केले तर तुझे काय सुटेल?’ हे विचारणे. पहिल्या प्रश्नाला आपल्या घरांतल्या बायका ‘बरं’च म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकायला वेळ काढावा लागतो.

कोणी म्हणेल, संत पौलानेच तर धावण्याचे एवढे कौतुक केले आहे. खरे आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो शर्यतीचा दाखला देतो. करिंथजवळ इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. ज्यांना तो लिहीत होता त्यांनी धावणारे डोळ्यांनी पाहिले होते. बक्षीस होते पानांचा मुकुट, जो काही दिवसांत वाळून जाई. पौल म्हणतो की तेवढ्यासाठी हे लोक सगळ्या बाबतींत संयम पाळतात, मग आपण न वाळणाऱ्या मुकुटासाठी किती पाळायला हवा. हा उतारा मॅरेथॉनच्या टी-शर्टवर छापायला सगळ्यांना आवडतो. पण यात तो संयमाचे कौतुक करतो आहे, आणि संयम सगळ्या बाबतींतला. आम्ही गोड सोडले होते, तळलेले सोडले होते. सोडली नव्हती ती एकच गोष्ट : रविवारची सकाळ माझी आहे ही समजूत. आणि त्याच नवव्या अध्यायात, शर्यतीच्या जरा आधी, पौल आपला हक्क असूनही तो दुसऱ्यांसाठी सोडून दिल्याचे सांगतो. तो भाग टी-शर्टवर येत नाही.

हाच पौल तिमथीला लिहिताना शारीरिक कसरतीचा थोडा उपयोग आहे हे मान्य करतो. आणि त्याच पत्रात पुढे, जो आपल्या घरच्या माणसांची तरतूद करत नाही त्याने विश्वासच नाकारला, इतके कडक बोलतो. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत. ‘थोडा उपयोग’ म्हणजे किती, याला आज आकडाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम पुरतो. जोरकस असेल तर ७५ ते १५० मिनिटे. म्हणजे भरभर चाललात तर जास्तीत जास्त पाच तास, पळालात तर अडीच. तेवढा वेळ ‘आरोग्यासाठी’ म्हणून मागायला आम्हाला काही संकोच वाटत नाही. तेवढा प्रत्येकाला मिळायलाच हवा, घरातल्या बाईलाही. पण त्याच्या वरचे तास आरोग्यासाठी आहेत असे आपण म्हणतो तेव्हा खोटे बोलतो. ते आवडीसाठी आहेत. आवड हे पाप नाही. फक्त तिला तिच्या नावाने हाक मारू. ‘माझ्या तब्येतीसाठी’ म्हटले की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. ‘मला मेडल हवे आहे’ म्हटले की बोलणी तरी सुरू होतात.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परूशांना ‘कुर्बान’विषयी फटकारतो. आईवडिलांना द्यायचे ते कोणी देवाला वाहिलेले म्हणून जाहीर केले, की आईवडिलांसाठी काही करण्यातून त्याची सुटका. वस्तू वाईट नव्हती, अर्पणही वाईट नव्हते. वाईट होते ते अर्पणाच्या आड लपणे. आमच्या घरात आज्जी होती आणि ‘ट्रेनिंग’ हा शब्द होता. तो शब्द उच्चारला की बाकी सगळे आपोआप मागे सरायचे. आमचा कुर्बान तोच होता.

आता एक नाव घेतो, जे धावणाऱ्या ख्रिस्ती माणसाला माहीत असतेच : एरिक लिडल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची पहिली फेरी रविवारी होती म्हणून हा स्कॉटिश धावपटू त्या शर्यतीत उतरला नाही. प्रवचनांत ही गोष्ट इथपर्यंत येते आणि मग त्याने ४०० मीटरचे सुवर्णपदक ४७.६ सेकंदांत जिंकले असे सांगून संपते. आम्हाला त्यातल्या दोन गोष्टी अधिक उपयोगी वाटतात. पहिली अशी की, वेळापत्रक त्याला काही महिने आधी कळले होते, आणि त्याने हळहळत न बसता आपले अंतर बदलले. धावणे सोडले नाही. आपल्या आयुष्यात बसेल ते अंतर निवडले. दुसरी त्याच्या शेवटच्या वर्षांतली. तो मिशनरी म्हणून चीनला गेला होता. युद्धात १९४१ मध्ये त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. १९४३ पासून तो जपान्यांच्या वेइशियन छावणीत कैदेत होता, आणि १९४५ च्या फेब्रुवारीत तिथेच मेंदूतल्या गाठीने वारला. तिसऱ्या मुलीला त्याने कधी पाहिले नाही. त्या छावणीत मुलांची शिकवणी आणि खेळ तो घ्यायचा. मुले रविवारीही हॉकी खेळू लागली आणि पंच नसल्यामुळे मारामारी झाली. तेव्हा ज्या माणसाने रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली होती, तो पुढच्या रविवारी मुलांच्या सामन्यात पंच म्हणून उभा राहिला. स्वतःसाठी जो नियम कडक होता, तो मुलांसाठी त्याने सैल केला. आपण बहुतेक वेळा उलट करतो.

रविवारचेच बोलायचे तर आपल्या कॅथलिक माणसाला नियमाची अडचण नाही. शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारचे कर्तव्य पूर्ण करतो, हे चर्चच्या कायद्यातच आहे. आमच्या घरातल्या धावणाऱ्याने तो कधी चुकवला नाही. पण दीड वर्ष आमच्या बाकावर रविवारी आई आणि मुलगा असे दोघेच बसत होते. तेही शेजारीण आज्जीजवळ बसायला तयार असेल तर. नियम पाळला गेला आणि बाक रिकामा राहिला. फादरांकडे याची कबुली द्यायला गेल्यावर त्यांनी विचारले, “मुलगा कोणाशेजारी बसतो?” आम्हाला तेवढे पुरले.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे धावणाऱ्या बायकाही आता आहेत, आणि त्यांचा हिशेब वेगळा लावला जातो. बाई पळायला निघते ती चारला उठून, डबे भरून, सासऱ्यांचा चहा झाकून. तिने परत येऊन दोन तास झोपल्याचे आम्ही ऐकलेले नाही. आणि ‘तिच्या नवऱ्याचा केवढा पाठिंबा’ असे म्हणताना आपण त्याने फक्त अडवले नाही एवढ्याचेच कौतुक करत असतो. तोल साधायचा असेल तर वजनाचे दगड दोघांना एकच हवेत.

त्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला जाणे झाले नाही. भरलेली फी गेली. हे मोठ्या मनाने झाले असे कोणी समजू नये. शर्यतीच्या रविवारी सकाळी ग्रुपवर मिरामारच्या पाण्यात उतरणाऱ्या मित्रांचे फोटो येत होते, आणि आमच्यातला धावणारा आज्जीला पेज भरवत एका हाताने फोन बघत होता. चेहरा उतरलेला होता. दिवसभर कोणाशी बोलला नाही. आज्जीला मात्र फार बरे वाटले. तिला बोलता येत नसे, पण डाव्या हाताने तिने त्याची बाही धरून ठेवली होती. ती पुढच्या वर्षी प्रभूकडे गेली. ज्या रविवारी तो गोव्याला नव्हता, त्या रविवाराची किंमत आम्हाला तिच्या माघारी कळली. हे आधी कळत नाही, म्हणूनच लिहितो आहोत.

त्यानंतर धावणे बंद झाले नाही. आज आम्ही काय करतो ते सांगतो. हे आमच्या घरापुरते आहे, तुमचे तुम्ही ठरवा.

फी भरण्याआधी वही काढतो. घड्याळावरचे तास नाही, घराचे तास लिहितो : जाणे-येणे, झोप, धुणे, सगळे. प्रत्येक तासासमोर तेव्हा घर कोणाकडे असेल त्याचे नाव लिहितो. नाव सापडले नाही तर तो तास नाही.

जितके तास एकाला, तितके दुसऱ्यालाही. ती धावत नाही, धावायची इच्छाही नाही. तिचे तास कॉयरचे आहेत, आणि मंगळवारी संध्याकाळी ती बहिणीकडे जाते. ते तास शर्यतीच्या आठवड्यातही कापले जात नाहीत.

लांब पल्ला शनिवारी. शिफ्ट असेल तर त्या आठवड्यात पल्ला नाही. रविवार सकाळ बाकावर.

रस्त्यावर असताना दर तासाला रेंज असेल तिथे थांबून फोन बघायचा. आणि घरी त्या वेळेत हाक मारल्यावर येईल असा एक माणूस ठरलेला. अंथरुणाला खिळलेले माणूस किंवा तान्हे बाळ असेल तर याला पर्याय नाही.

आणि अंतर आयुष्याप्रमाणे बदलते. आता एकवीस किलोमीटरच्या वर जायचे नाही, आठवड्याला चार-पाच तासांत बसते. मुलगा बारावी होईपर्यंत असेच. गोवा कुठे जात नाही.

त्या तरुणाला म्हणूनच सांगावेसे वाटते : बाळा, या वर्षी नको. तू जाऊ शकत नाहीस म्हणून हे सांगत नाही. तुझी बायको आता ‘नको’ म्हणू शकत नाही म्हणून सांगतो. रात्री तीनदा उठणारी, नोकरीवर परतणारी बाई नवऱ्याचा उत्साह मोडायला धजत नाही. तिचे ‘बरं’ आम्ही ओळखतो. बाळ दोन वर्षांचे होऊ दे. तोवर दहा किलोमीटर पळ, तिला संध्याकाळचा एक तास दे, आणि मग दोघे मिळून वही काढा. तेव्हा ती स्वतः मिरामारला उभी राहून तुझे नाव ओरडेल, आणि तो पाठिंबा खरा असेल.

शेवटी एक आपल्यावरच उलटणारी गोष्ट. हे लिहिताना आम्हाला जाणवले की आपण धर्मग्रामाचे स्वयंसेवकही काही वेगळे नाही. सणाची तयारी, लहान ख्रिस्ती समुदायाच्या सभा, तरुणांची शिबिरे, डिसेंबरात जुन्या गोव्याला पायी जाणाऱ्यांची व्यवस्था. घरी कोणी काही म्हणाले, की आपल्याकडे ‘चर्चचं काम आहे’ हे वाक्य तयार असते. त्यापुढे कोण बोलणार? ‘ट्रेनिंग’पेक्षाही मोठा कुर्बान आहे हा. त्यामुळे त्या वहीत आम्ही आता चर्चच्या कामाचे तासही लिहितो, आणि त्यांच्यासमोरही घरातल्या माणसाचे नाव.

शुभवर्तमानात धावणारी माणसे थोडी आहेत. उधळ्या मुलाचा बाप धावतो, मुलाला दुरून बघून. जखय धावतो, येशूला बघायला मिळावे म्हणून. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी पेत्र आणि तो दुसरा शिष्य थडग्याकडे धावतात. योहानाने नोंदवून ठेवले आहे की दुसरा शिष्य पेत्रापेक्षा जोरात धावला आणि आधी पोचला. पण तो आत गेला नाही. दारात थांबला. मागून धापा टाकत आलेल्या पेत्राला आधी आत जाऊ दिले, आणि मग स्वतः गेला. पहिला आल्याची नोंद आहे, आणि थांबल्याचीही.

आपल्या घरातही कोणीतरी मागून येत असते. कडेवर बाळ घेऊन, आज्जीचा हात धरून, कमरेत कळ घेऊन. आपण आधी पोचलो तर दारात थांबू या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आम्हाला पाय दिलेस आणि पळण्याचा आनंद दिलास, त्याबद्दल तुझे आभार. आमच्या आनंदाचा भार कोण उचलते आहे ते आम्हाला दाखव. जे विचारायला आम्ही घाबरतो ते विचारण्याचे धैर्य दे, आणि जे सांगायला आमची माणसे कचरतात ते ऐकण्याचा वेळ दे. अंथरुणाला खिळलेल्यांना आणि त्यांना रोज उचलणाऱ्या हातांना तू बळ दे. आमेन.